समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून स्वागत



प्राचीन बंदरांवरची परिषद धाराशिवला भरणार, हे कळल्यावर गावातल्या एका ज्येष्ठांनी मला विचारलं, ‘पाहुण्यांना बंदर म्हणून काय दाखवणार, टँकर?’ प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. तेव्हा स्वागताध्यक्ष म्हणून त्याचं उत्तर देणं मला भाग आहे.

उद्याच्या पहिल्या सत्रात आपण डेलोसबद्दल ऐकणार आहोत. ग्रीसमधलं हे साडेतीन चौरस किलोमीटरचंही नसलेलं खडकाळ बेट. नदी नाही, म्हणावी अशी शेती नाही, पावसाचं पाणी हौदांत साठवून प्यायचं. म्हणजे पाण्याच्या बाबतीत आपली आणि त्यांची सोयरीक जुळावी! इ.स.पू. 166 मध्ये रोमनांनी तिथली जकात माफ केली आणि साऱ्या भूमध्य समुद्रातले व्यापारी तिथे धावले. अपोलोचं तीर्थक्षेत्र होतंच, त्यात बाजार भरला. त्या बाजारात माणसंही विकली जात. एका दिवसात हजारोंनी गुलामांची उलाढाल होई, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलं आहे. बंदरांच्या वैभवाविषयी बोलताना आपण हे विसरू नये. पुढे इ.स.पू. 88 मध्ये रोमनांचा शत्रू राजा मिथ्रिडेटीस याच्या सैन्याने बेट लुटलं आणि ते पुन्हा उभं राहिलं नाही. आज तिथे भग्नावशेष आहेत आणि ते राखणारी मोजकी माणसं.

डेलोसकडे समुद्र होता, पण विकायला स्वतःचं फारसं काही नव्हतं. आमच्याकडे नेमकं उलट होतं. इथून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी तेर आहे. ग्रीक लेखकांचं ‘तगर’ ते हेच, हे संशोधक फ्लीट यांनी 1901 साली मांडलं. त्याच्या कितीतरी आधीपासून शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवत होते. कोकणात राज्य करायचं आणि नाव तेरचं सांगायचं, एवढी या गावाची पत होती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात आपला रस्ता दिला आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि रंगीत वस्त्रं गाड्यांत भरून भडोचला जात, वाटेत धड रस्तेही नसत. कल्याण त्याहून जवळ होतं, मग एवढा वळसा कशाला? त्याचंही उत्तर त्याच पुस्तकात आहे. त्या काळात कल्याणला येणारी ग्रीक जहाजं पहारा देऊन भडोचकडे वळवली जात. राजकारण्यांच्या भांडणात बैलांचे खूर झिजतात, ते तेव्हापासूनचं आहे. उलट दिशेने भडोचला इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळी, काच आणि सोन्या-चांदीची नाणी उतरत. दारूत इटलीची पसंतीची, हेही लेखकाने आवर्जून नोंदवलं आहे.

त्या देवघेवीची खूण डोळ्यांनी पाहायची असेल, तर तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाई पाहा. भरघोस दागिने ल्यालेली, ठसठशीत बांध्याची, बोटांत मावेल एवढी. तशाच घडणीची, हिच्याहून मोठी मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईत सापडली. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचलेली होती. ती तेरची की भोकरदनची की आणखी कुठली, यावर विद्वानांत वाद आहे. तो वाद आपण उद्या खुशाल घालावा, जेवणाच्या सुट्टीतही घालावा. मला कुतूहल आहे ते वेगळंच. ज्या कारागिराने ती घडवली त्याने समुद्र कधी पाहिला असेल का? बहुधा नसेलच.

हे संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे, ते रामलिंगप्पा लामतुरे काही पदवीधर पुरातत्त्वज्ञ नव्हते. तेरचेच रहिवासी. शेतात, पांढरीत म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत लोकांना सापडणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी ते जमवत राहिले. पुरातत्त्वज्ञ चापेकरांचं उत्खनन 1958 सालचं, त्यानंतरही खोदकामं झाली, पण गावाला आपल्या मातीची किंमत प्रथम कळली ती या माणसामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आपणच तीच पांढरी घरं लिंपायला नि शेतात पसरायला उकरून नेली, हेही पाहुण्यांसमोर कबूल करायला हवं.

डेलोस ओसाड झालं, तेर मात्र नांदतं राहिलं. विटांचं बौद्ध चैत्यगृह त्रिविक्रमाचं देऊळ झालं आणि आजही पूजेत आहे. व्यापार आटला त्यानंतर हजारएक वर्षांनी त्याच गावात गोरोबाकाका मडकी घडवत होते आणि संतांची डोकी थापटून कच्चं-पक्कं ठरवत होते. इथे निबंध वाचणाऱ्यांनी थोडं सांभाळून असावं!

आणि समुद्राचं म्हणाल, तर तुळजापूर जवळच आहे. आई भवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ पाहा. कवडी तेरणेत होत नाही, ती समुद्रातूनच येते. हा जिल्हा समुद्राला पारखा नाही, एवढंच मला त्या ज्येष्ठांना सांगायचं आहे.

परवा सकाळी सात वाजता तेरसाठी गाड्या निघतील. दुपारचं जेवण तिथेच आहे, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठरलेली. टेकाडांवर फिरताना पायाशी एखादा मणी दिसला, तर तो खिशात न घालता संग्रहालयात द्यावा, ही नम्र विनंती. ज्यांना संग्रहालय निवांत पाहायचं आहे, त्यांनी आपली नावं आजच नोंदणीच्या टेबलावर द्यावीत. स्वागत समितीच्या आणि समस्त धाराशिवकरांच्या वतीने आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो आणि व्यासपीठ उद्घाटकांच्या स्वाधीन करतो.