पुढे पाठविलेला शब्द आपलाच
(कोल्हापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातील शाळकरी मुलालाही मुखोद्गत असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हे आकडे घरोघरी पोहोचविले. पावसाळ्यात नदीचे पाणी चढू लागले की त्याबरोबर आणखी एक पूर येतो, तो मोबाईलवरील संदेशांचा. कोणत्या तरी वर्षीची, कोणत्या तरी धरणाची चित्रफीत ‘आत्ताची बातमी, ताबडतोब घर सोडा’ अशा मजकुरासह फिरू लागते. पाठविणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. आप्तेष्टांनी सावध व्हावे, एवढीच त्याची इच्छा असते. परंतु आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ अन्वये आपत्तीविषयी घबराट माजविणारा खोटा इशारा देणे किंवा तो पसरविणे हा गुन्हा आहे. त्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. इशारा रचणारा आणि तो पसरविणारा, या दोघांना कायद्याने एकाच पंगतीत बसविले आहे. आजच्या विषयाचे सार एवढेच आहे. पुढे पाठविलेला शब्द हा पाठविणाऱ्याचाच शब्द मानला जातो.

‘नुसते फॉरवर्ड केले’

‘मजकूर माझा नव्हता, आला तसा पुढे पाठविला,’ हा बचाव सर्रास ऐकू येतो. न्यायालयात त्याचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ साली महिला पत्रकारांविषयीचा एक अवमानकारक मजकूर फेसबुकवर पुढे पाठविला. नंतर तो काढून टाकला, क्षमाही मागितली. जुलै २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खटले रद्द करण्यास नकार दिला. सुटलेला संदेश हा धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखा असतो, अशा आशयाचे मत त्या वेळी न्यायालयाने नोंदविले. पुढे सर्वोच्च न्यायालयात, डोळ्यांत औषध घातलेले असल्यामुळे मजकूर न वाचताच पाठविला गेला, असे सांगण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथेही दिलासा मिळाला नाही. समाजमाध्यम वापरणाऱ्याने परिणामांचे भान ठेवलेच पाहिजे, ही न्यायालयाची भूमिका होती.

न वाचता पाठविलेल्या संदेशाचे मोल किती भयंकर असू शकते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होत्या. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या झोळीत पसाभर पीठ घालणे हे गृहस्थाने आपले कर्तव्य मानले, तेच संशयित ठरले. २०२४ साली न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली. अफवा पुढे ढकलणारी असंख्य बोटे मात्र अनामिकच राहिली. कायद्याच्या हातून ती सुटली असतील, पण सद्सद्विवेकबुद्धीपुढे त्यांना उत्तर द्यावेच लागेल.

कोल्हापूरचे दोन धडे

जून २०२३ मध्ये, शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास, काहींनी मोबाईलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात संताप उसळला. ७ जूनला बंद पुकारला गेला. दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. स्टेटस ठेवणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले, तसेच ते दगड उचलणाऱ्यांवरही नोंदले गेले. ज्यांचा त्या स्टेटसशी काडीमात्र संबंध नव्हता, त्यांनीही नुकसान सोसले.

यातून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. आक्षेपार्ह मजकूर दिसला की ‘बघा, काय चालले आहे’ म्हणून तो शंभर जणांना धाडण्याची प्रवृत्ती आढळते. असे करणारा नकळत त्याच मजकुराचा प्रचारक बनतो आणि चौकशीच्या फेऱ्यात सापडू शकतो. समाजगटांत वैर वाढविणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. असा मजकूर जपून ठेवावा, पोलिसांकडे द्यावा आणि तेथेच थांबावे.

दुसरा धडा याच जिल्ह्यातील आहे आणि तोही तितकाच महत्त्वाचा. ऑगस्ट २०२२ मध्ये येथील एका महाविद्यालयातील मूळच्या काश्मिरी प्राध्यापकाने अनुच्छेद ३७० विषयीच्या निर्णयाचा दिवस ‘काळा दिवस’ ठरविणारे आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारे स्टेटस ठेवले. हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शासनाच्या निर्णयावर टीका करणे हा नागरिकाचा अधिकार आहे आणि शब्दांचा परिणाम जोखताना दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसाचा निकष न लावता विवेकी व खंबीर माणसाचा निकष लावावा, असे न्यायालयाने म्हटले. तो मजकूर अनेकांना रुचणारा नाही. परंतु न रुचणे आणि गुन्हा असणे यांत अंतर आहे. २०१२ साली पालघर येथील दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती. त्यानंतर सुरू झालेल्या न्यायालयीन लढ्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ‘६६ अ’ २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरले, ते याच कारणाने. नागरिकाने मत मांडण्यास भिऊ नये. भ्यावे ते असत्य आणि विद्वेष पसरविण्यास.

घरातल्या घरात

काही गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांत काही गैर आहे, हे जाणवतही नाही. ज्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीचा जन्म झाला, त्याच नगरीत नव्या चित्रपटाची चोरटी प्रत नातेवाइकांच्या ग्रुपवर हौसेने पाठविली जाते. जाणूनबुजून केलेल्या स्वामित्वहक्काच्या अशा उल्लंघनास १९५७ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कारावास आहे. वृत्तपत्राचा संपूर्ण अंक रोज सकाळी ग्रुपवर टाकणे हेही प्रकाशकाच्या हक्कावर अतिक्रमणच होय.

अत्याचाराची बातमी आली की हळहळीपोटी पीडितेचे नाव आणि छायाचित्र श्रद्धांजलीसह फिरविले जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करण्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टर तरुणीच्या प्रकरणात तिचे नाव व छायाचित्रे समाजमाध्यमांवरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. बालकांच्या अत्याचाराची चित्रफीत ‘गुन्हेगार पकडला जावा’ म्हणून पुढे पाठविणे तर अधिकच गंभीर आहे. अशी सामग्री कोणाला पाठविणे दूरच, पाठविण्याच्या हेतूने जवळ बाळगणेही शिक्षेस पात्र ठरू शकते, हे सप्टेंबर २०२४ च्या निकालाने स्पष्ट झाले. तिची खबर पोलिसांना द्यावी.

वर्गातील मुलांनी शिक्षकांच्या नावाने थट्टेखातर बनावट खाते उघडणे, कोणाचे खासगी छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसारित करणे, या ‘गमती’ही तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाच्या कलमांत बसू शकतात. ग्रुपच्या ॲडमिनांविषयी मात्र एक गैरसमज दूर व्हावा. सदस्याच्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, समान हेतू सिद्ध व्हावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. कायदेशीर जबाबदारी नसली तरी नैतिक जबाबदारी उरतेच. ज्येष्ठ सदस्याने ‘हे खरे आहे का?’ एवढे विचारले, तरी अनेक अफवा तेथेच विरतात.

क्षणभराचा संयम

घरोघरी एक साधा नियम रुजविता येईल. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे खरे असल्याची खात्री आहे का? यामुळे कोणाची अब्रू, जीव किंवा शांतता धोक्यात येते का? स्वतःच्या सहीनिशी हाच मजकूर चौकातील फलकावर लावण्याची तयारी आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबावा. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही, हे सर्वज्ञात आहे. परंतु शिक्षेच्या भीतीने पाळलेला संयम फार काळ टिकत नाही. गावच्या पारावर बसलेला जाणता माणूस कानावर आलेली प्रत्येक गोष्ट गावभर सांगत सुटत नसे, म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन असे. तेच वजन आज प्रत्येकाच्या अंगठ्याला यावे.