रंगवायची वही चित्रकाराच्या हाती



लहान मुलांसाठी बाजारात एक वही मिळते. पानावर मोर असतो, बैलगाडी असते, नाही तर फुलांची परडी; पण सगळं नुसत्या काळ्या रेघांत. रंग तेवढे आपण भरायचे. ही वही हाताला वळण बसलेल्या चित्रकारानंही जवळ करावी, असं मी आज सांगणार आहे. आपण हसाल. मीही एके काळी हसलोच असतो.

शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. पण स्वतःचं चित्र काढणं हळूहळू सुटलं. निवृत्त झाल्यावर पुन्हा कागद घेऊन बसलो, तर हात उठेना. कोऱ्या कागदाचं चक्क भय वाटू लागलं! एका दुपारी नात आपली वही घेऊन आली नि म्हणाली, "आजोबा, हे झाड तुम्ही रंगवा ना." रंगवलं. मग दुसरं, मग तिसरं. तिनं सगळी पानं पाहिली आणि म्हणाली, "तुमची सगळी झाडं सारखीच!"

पोरीचं म्हणणं खरं होतं. आंबा असो, केळ असो की शेतातलं पीक, माझा हिरवा एकच! इतकी वर्षं मी झाडाकडे न पाहता सवयीनं रंग देत आलो होतो.

हे आधी का नाही कळलं? चित्र काढताना व्यवधानं किती असतात पाहा. माणूस कुठं उभा करायचा, हातापायांचं प्रमाण कसं, उजेड कुठून येतो? रेषेशी झटण्यातच जीव दमतो, आणि रंगाची पाळी येते तेव्हा सवयीचा रंग आपोआप कुंचल्यावर चढतो. वहीत मात्र रेषा तयार असते. राहतो तो फक्त रंग. तिथली चूक रेषेवर ढकलता येत नाही.

कामाची ही वाटणी आपल्याकडे जुनी आहे. अकबर बादशहाच्या चित्रशाळेत पुष्कळदा एकानं आखणी करावी आणि दुसऱ्यानं रंग भरावेत, अशी रीत होती. 'अकबरनाम्या'त हवाई नावाच्या मस्तवाल हत्तीवर बसलेल्या अकबराचं चित्र आहे. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याची आखणी बसावनची आणि रंगकाम चेतरचं. दुसऱ्याच्या रेषेत रंग भरणं तिथं कमीपणाचं नव्हतं.

आता रंगाची एक गंमत सांगतो. पॅरिसला गोबेलँ हा चित्रपडदे विणणारा सरकारी कारखाना. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून तिथल्या रंगखात्याचे प्रमुख होते. तक्रार आली की, निळ्या-जांभळ्या कापडांतला काळा फिका दिसतो. तपास केला, तर काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता! १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. रंग एकटा कधीच नसतो, त्याला शेजार असतो. हे वाचून कळतं. पण अंगी मुरतं ते एकच आकृती पुन्हा पुन्हा रंगवून.

म्हणून असं करा. वहीतल्या एका पानाच्या चार प्रती काढा. झेरॉक्सची सोय नसेल, तर पान खिडकीच्या काचेला लावून वर जाड कागद धरा आणि रेषा उतरवून घ्या. पहिली प्रत नुसत्या पेन्सिलीनं, काळोख-उजेड दाखवत भरा. दुसरीत दोनच रंग वापरा. तिसरीत आपला लाडका रंग वर्ज्य करा. चौथी सकाळी अंगणात बसून, समोरचं झाड पाहत रंगवा. चारी प्रती भिंतीला लावा आणि दहा पावलं मागं जा. कुठं चुकलं, ते सांगायला गुरू लागणार नाही.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, इथं एक सावधगिरी मात्र हवी. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या हाती अशा वह्या देण्याला विरोध केला होता. तयार पक्ष्याची सवय लागली, की मूल स्वतःचा पक्षी काढायला कचरतं, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. मुलाला स्वतःची रेषा अजून सापडायची असते; तिथं कोराच कागद द्यावा, मग पक्षी वाकडा आला तरी चालेल. चित्रकाराची गोष्ट निराळी. त्याची रेषा त्याच्यापाशी आहे. ती थोडा वेळ बाजूला ठेवली, तर हरवत नाही. मात्र त्यानंही वहीतच घर करून राहू नये. वही ही तालीम आहे, कुस्ती नव्हे.

त्या पावसाळ्यात मी केळीचं एकच पान सात वेळा रंगवलं. सातव्या वेळी त्यात पिवळा आला, कडेला तांबूस आला, आणि ढगाळ आभाळाचा निळसर उजेडही आला. आठव्या दिवशी वही नातीला परत केली आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. भय पुरतं गेलं नव्हतं. पण हात उठला.

आपल्यापैकी कुणाचे रंग डबीत वाळून गेले असतील, तर आज त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाका.