तळणाचे तेल आणि बिवा सरोवर

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



शेतमालाच्या भावाचे सोडून हा गडी साबणाचे काय काढून बसला, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. साबणाने सोयाबीनला भाव येणार नाही, हे मलाही कळते. पण जपानची एक गोष्ट ऐका.

तिथल्या शिगा प्रांतात बिवा नावाचे मोठे सरोवर आहे. लाखो लोक त्याचे पाणी पितात. १९७७ च्या मे महिन्यात ते तांबडे झाले, घाण वास सुटला. पाण्यात शेवाळ माजले होते. त्याला पोसणारे फॉस्फेट धुण्याच्या पावडरीतूनही येत होते. आपण पिकाला स्फुरद देतो, तेच हे. बायकांनी पावडर सोडली. तळणाचे जुने तेल घरोघर गोळा करून त्याचा साबण वापरू लागल्या. १९७९ मध्ये प्रांताला फॉस्फेटच्या पावडरीवर बंदीचा कायदा करावा लागला. मग कंपन्यांनी बिनफॉस्फेटची पावडर आणली आणि साबण मागे पडला, हेही सांगितले पाहिजे. पण तेल गोळा करायची सवय टिकली. १९९८ मध्ये त्याच प्रांतातल्या आइतो गावात भाताच्या पडीक खाचरांत मोहरीच्या जातीचे तेलबी पेरण्याचे काम सुरू झाले. तेल स्वयंपाकाला, पेंड शेताला आणि तळून उरलेल्या तेलाचे साबण नि इंधन. खाचरे पडीक का? भात फार पिकत होता म्हणून तेव्हा सरकारचा आग्रह होता! सरकार तिकडेही सरकारच.

आता कृती. गाळलेले तेल एक किलो, कॉस्टिक सोडा सव्वाशे ग्रॅम, पाणी तीनशे ग्रॅम. सगळे काट्यावर तोला, मुठीचा अंदाज नको. सोडा पाण्यात हळूहळू सोडायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही, उसळून डोळ्यांत जाते. हे काम अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून. पोरांना लांबूनच पाहू द्या. द्रावण निवले की तेलात ओतून घट्ट होईपर्यंत ढवळा, आणि वड्या महिनाभर सुकवा. भांडे स्टीलचेच. मी कृषी पदवीधर, तरी पहिल्या वेळी जर्मनचे पातेले घेतले. फसफसून काळे पडले. घरात अजून त्याचा उद्धार होतो.

बोअरच्या जड पाण्यात हा साबण फाटतो, फेस येत नाही. कपड्यांना, भांड्यांना साठवलेले पावसाचे पाणी घ्या.

आपल्या घरात तेल उरतेच कुठे, असे एका बहिणीने मघाशी विचारले. खरे आहे. ते उरते भज्यांच्या गाड्यांवर आणि मंगल कार्यालयांत. तिथे तेच पुन्हा पुन्हा तापते आणि आपल्याच पोरांच्या पोटात जाते, नाहीतर गटारातून ओढ्याला. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने किती किलो जमले ते लिहून आणावे. काटा मी आणतो.