रिकामी परतलेली होडी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



पन्नास वर्षांत आपल्या धर्मग्रामाच्या पदरीं काय काय पडलें, याचें वर्णन पूर्ववक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. मी मात्र, ज्या दिवशीं पदरीं कांहींच पडलें नाहीं, अशा एका दिवसाविषयीं बोलणार आहें.

2023 सालच्या ऑगस्ट महिन्यांत, येथून अमेरिकेंत जाऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबाकडे सॅन दिएगो येथें राहण्याचा योग आला. पॅसिफिक महासागरावरील हें बंदर एके काळीं कुप्याच्या मासेमारीसाठीं जगप्रसिद्ध होतें. पोर्तुगीज, इटालियन व जपानी कोळ्यांनीं तो धंदा वाढविला. मासे डबाबंद करणारे तेथील मोठे कारखाने पुढें 1980 च्या दशकांत बंद पडले. आतां हौशी लोक तांडेलासह होडी दिवसाच्या भाड्यानें ठरवून गळानें कुपा धरावयास जातात. माझ्या यजमानांनीं अशीच एक होडी ठरविली व मलाहि बरोबर नेलें.

पहाटे अंधारांतच आम्ही निघालों. खाडीच्या मुखाशीं तरंगत्या पिंजऱ्यांत तारलीच्या जातीचे जिवंत मासे आमिषाकरितां राखलेले असतात. ते होडीवरील टाकींत भरून घेतले. पॉइंट लोमाचें टोक मागें पडलें आणि शोध सुरू झाला. घिरट्या घालणारे पक्षी, तुटून तरंगत आलेले समुद्रशैवालाचे पुंजके, पाण्याच्या उष्णतेंतील फरक, ध्वनियंत्राच्या पडद्यावरील ठिपके, या सर्वांवर तांडेलाची दृष्टि खिळलेली होती. दहाच्या सुमारास सुमारें तीस वांव खोलीवर मोठा थवा दिसला. आम्हीं गळ सोडले, मूठमूठ आमिष पाण्यांत फेंकलें. पण एकाहि माशानें तोंड लावलें नाहीं. दुपारीं माझ्या गळाचें सूत एकदांच सरसर धांवलें आणि क्षणांत सैल पडलें. दिवसभरांत घडलें तें एवढेंच.

हा मासा मोठा विलक्षण. निळ्या पराच्या कुप्याचें शरीर भोंवतालच्या पाण्याहून उष्ण असतें. त्याला सतत पोहावें लागतें. थांबला तर कल्ल्यांवरून पाणी वाहत नाहीं व तो गुदमरतो. जपानकडील समुद्रांत जन्मून तो सारा पॅसिफिक ओलांडून या किनाऱ्याशीं येतो. अतिरेकी मासेमारीनें त्याची संख्या फारच घटली, तेव्हां 2015 सालीं तेथील सरकारनें हौशी माणसाची रोजची मर्यादा दहावरून दोन माशांवर आणली. अनेक देशांनीं बंधनें पाळल्यावर तो पुनः वाढूं लागला.

मला ते दोनहि मिळाले नाहींत. सकाळचा विनोद दुपारीं आटला. दिलेल्या भाड्याचा हिशेब मीं मनांत मांडला, आणि सारा दोष त्याचाच असल्याप्रमाणें तांडेलाकडे पाहूं लागलों. पन्नाशी उलटलेला मी धर्मगुरु, भरल्या पोटीं, दोन माशांसाठीं रुसून बसलों होतों! तांडेलाबरोबरचा तरुण खलाशी मात्र निमूटपणें फळ्या धूत होता. अशा खलाशांची बरीचशी प्राप्ति गिऱ्हाइकांच्या खुषीवर अवलंबून असते. म्हणजे त्या दिवशीं खरें नुकसान त्याचें झालें होतें.

दुसऱ्या दिवशीं शेल्टर आयलंडवर कुपा धरणाऱ्या कोळ्यांचें स्मारक पाहिलें. एकच जड मासा उचलण्यासाठीं तिघे जण तीन काठ्या एका दोरीला जोडून उभे आहेत, असे ते ब्राँझचे पुतळे आहेत. त्यांच्यापुढें उभा असतां मला आपलें बंदर आठवलें, आणि माझा एक जुना अपराधहि आठवला.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी येथें साहाय्यक असतांना आपला एक कोळी बंधु लागोपाठ तिसऱ्यांदा रिकामी होडी घेऊन परतला. डिझेल उधारीचें, बर्फ उधारीचें. "देव उद्यां देईल," असें मी चालतां चालतां बोललों आणि चहा घ्यावयास निघून गेलों. तो कांहीं बोलला नाहीं. पेत्रानें रात्रभर श्रम केले व हातीं कांहीं लागलें नाहीं, ही कथा मीं या व्यासपीठाजवळच किती वेळां सांगितली असेल; परंतु दर वेळीं भरलेल्या जाळ्याकडे जाण्याची मला घाई असे. ती रिकामी रात्र मीं कधीं नीट पाहिलीच नव्हती. तो बंधु आज हयात नाहीं. त्याच्या घरचीं माणसें या सभेंत आहेत. त्यांची मी आज क्षमा मागतों.

महोत्सवाच्या या पुस्तकांत देणग्यांची यादी आहे, आणि ती असावी. पण ज्यांच्या होड्या रिकाम्या आल्या, आणि तरीहि दुसऱ्या पहाटे ज्यांनीं नांगर उचलला, त्यांच्यावरहि हें मंदिर उभें आहे. माझी विनंति इतकीच: रिकामी होडी धक्क्याला लागली तर उपदेश करूं नका. तिचा दोर धरा, जाळीं उतरावयास हात लावा, आणि बर्फाचें देणें राहिलें आहे काय, हें हळूच विचारा. या कामीं मी आपणांबरोबर येईन.