जामनेरचें शरदांतील ताट

आश्विनांतलें ऊन आणि खानदेशी मिरची यांची गांठ पडली म्हणजे पित्ताला निराळें आमंत्रण लागत नाहीं. पावसाळ्यांत सांचलेलें पित्त शरदाच्या उन्हानें खवळतें, असें आयुर्वेदाचें म्हणणें. म्हणूनच 'अष्टांगहृदयां'त वाग्भटानें या ऋतूसाठीं तांदूळ, मूग, आवळा, पडवळ असें हलकें अन्न सांगितलें, आणि दहीं, तेल व आकंठ जेवण वर्ज्य ठरविलें. दिवाळीच्या फराळाचें ताट पुढें आलें, कीं यांतल्या शेवटच्या दोन अटी फारशा कोणाला आठवत नाहींत !

जामनेरच्या काळ्या रानांत मात्र ऋतु पोथीवांचूनहि ताटांत उतरतो. कांग नदीच्या कांठीं दसऱ्याच्या सुमारास नवा मूग घरांत आलेला असतो, बाजरी खळ्यावर पडते, आणि ज्वारी अद्याप शेतांत उभी असते. मुगाचें वरण, बाजरीची भाकरी, वर तुपाची धार आणि एखादी पालेभाजी, एवढ्यांत जेवण पुरें होतें. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नांवाचें द्रव्य कमी असतें. तें मूग भरून काढतो. उडदाची जड कळण्याची भाकरी थंडीसाठीं राखावी, हेंच बरें. वांग्याचेंहि तेंच. चातुर्मास पाळणारीं घरें चंपाषष्ठीपर्यंत वांगें शिवत नाहींत; त्या दिवशीं खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, आणि मगच भरिताच्या पंगती रंगतात.

पदार्थाच्या अशा ऐन बहराला जपानी लोक 'शुन' म्हणतात. भात, एक सार आणि तीन तोंडीलावणीं हा तेथील जुना बेत. शरदांत त्यांत नवा तांदूळ, चेस्टनट व अळकुड्या येतात. २०१३ सालीं युनेस्कोनें ही आहारपरंपरा मानवजातीच्या वारशांत नोंदली. जामनेरच्या भाकरीला तो मान नसला तरी चालेल. तिच्या जोडीला मूग मात्र हवा.

कारण याच दिवसांत कापूसवेंचणी सुरू होते. पहांटे भाकरी थापून शेतावर जाणाऱ्या बाईच्या फडक्यांत पुष्कळदां भाकरी, ठेचा आणि कांदा एवढेंच असतें. वर लगेच चहा. बाजरींत लोह आहे, पण चहा त्याचें शोषण अडवितो, आणि आवळा तें वाढवितो. कार्तिकांत शहरांतील मंडळी आवळीभोजनाला हौसेनें जातात. त्याच आवळ्याच्या दोन फोडी व मूठभर मोडाचे मूग वेंचणीच्या शिदोरींत पडले, आणि चहा तासभर लांबला, तर त्या भाकरींतलें लोह तिच्या रक्तापर्यंत पोंचेल.