उन्हाळ्यातील प्रयोगशाळा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुढे भिलाईभोवती ज्या औद्योगिक वसाहती वाढल्या, त्यांपैकी हथखोज ही एक. नोकरीनिमित्त या भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही थोडीथोडकी नाहीत. या घरांतील मुलांना लोखंड नवे नाही. परंतु पोलादातील कार्बन कसा मोजतात, असे विचारले असता रसायनशास्त्राच्या पदवीवर्गातील विद्यार्थीही पुष्कळदा पाठ्यपुस्तकातले उत्तर देऊन मोकळा होतो.

कारखान्यात हे काम ठिणगीवर चालते. वितळलेल्या पोलादाचा नमुना थंड करून घासून सपाट करतात आणि आर्गॉन वायूत त्यावर विजेची ठिणगी पाडतात. त्या प्रकाशाचे पृथक्करण केले, की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या जागी उमटतात; रेषेच्या तेजावरून त्याचे प्रमाण कळते. कार्बनची नेहमी वापरली जाणारी रेषा १९३.१ नॅनोमीटरवर, जंबुपार प्रदेशात असते. हवेतील ऑक्सिजन तो प्रकाश शोषून घेतो. आर्गॉनचे एक कारण हे. रुळांच्या पोलादात कार्बन साधारणतः ०.६ ते ०.८ टक्के असतो. तो कमी पडला तर रूळ लवकर झिजतो, अधिक झाला तर ठिसूळ होतो. यंत्र हा आकडा मिनिटा-दोन मिनिटांत देते, आणि नवशिक्याची फसगत होते ती येथेच. नमुना नीट घासलेला नसला, किंवा तुलनेचा प्रमाण-नमुना भलताच घेतला, तरी यंत्र आकडा देतेच, आणि तोही तितक्याच रुबाबात.

या आकड्याविषयी शंका घेण्याची सवय वर्गात लागत नाही. तेथील प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते. ते आले नाही तर वहीत आणले जाते, हे गुरुशिष्य दोघेही जाणून असतात. उन्हाळी संशोधन-प्रशिक्षणाची गरज आहे ती यासाठी. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून निवडक विद्यार्थ्यांना सुमारे दोन महिने संशोधकांच्या हाताखाली पाठवीत आल्या आहेत. यांतील बंगळूरची अकादमी १९३४ साली रामन यांनी स्थापिली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असा एक राष्ट्रीय उपक्रम आरंभिला.

अशा दोन महिन्यांतले पहिले दिवस बहुधा काचपात्रे धुण्यात आणि कोरा नमुना पुनःपुन्हा मोजण्यात जातात. मग एखादी रेषा जागेवर येत नाही, आणि चूक आपली, यंत्राची की पुस्तकाची, याचा शोध सुरू होतो. १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांपासून अवघ्या दीड-दोन नॅनोमीटरांनी दूर होती. तो फरक निरीक्षणातला दोष म्हणून सोडून दिला असता, तर हेलियम हाती लागण्यास आणखी विलंब झाला असता. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे कोकणात अभिमानाने सांगतात. लॉकियर तेथे ग्रहणासाठी आले, पण ते १८९८ मध्ये. तोवर रॅमझे यांना हेलियम पृथ्वीवर सापडून जवळजवळ तीन वर्षे झाली होती.)

तथापि अशा जागा थोड्या, आणि लहान गावच्या महाविद्यालयात त्यांची वार्ता बहुधा मुदत टळल्यावर पोहोचते. अकादमींची योजना शिक्षकांनाही खुली आहे, हे तर फारच थोड्यांस ठाऊक असते. वास्तविक एक प्राध्यापक दोन महिने असे काम करून परतला, तर पुढची वीस वर्षे त्याच्या वर्गातील वह्या निराळ्या दिसतील. शिवाय हथखोजसारख्या वसाहतीत धातूची तपासणी हे रोजचेच काम. तेथील एखाद्या प्रयोगशाळेने मे महिन्यात दोन विद्यार्थ्यांना यंत्राशेजारी उभे राहू द्यावे. त्यासाठी नवी इमारत नको. प्राचार्यांचे पत्र, सुरक्षेची परवानगी आणि तोच नमुना तिसऱ्यांदा घासावयास लावणारा एखादा जुना तपासनीस, एवढे पुरे.