एका नटवरचं कव्हर



संयोजकांचा निरोप होता, ‘तू काय बनवतोस ते सांग.’ दोन डॉक्टर आणि एक बँकवाला बोलून गेल्यावर मी बुलेटच्या चेन कव्हरवर बोलणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट तुमच्यापैकी काहींच्या घरी होती. 1955 पासून मद्रासला बनायला लागलेली गाडी. तिच्या डाव्या अंगाला इंजिनाकडून क्लचकडे जाणारी दुपदरी चेन एका बंद पेटीत, ऑइलमध्ये फिरते. पेटीचं बाहेरचं अॅल्युमिनियमचं कव्हर मधोमध एकाच नटवर बसतं, कडेनं रबरी सील. फूटरेस्ट नि ब्रेकचं पेडल बाजूला केलं, तो नट सोडला, की कव्हर हातात. रस्त्यात क्लच खोलायचा तर याहून सोयीची रचना नाही. ज्यानं ती केली त्याला मी मानतो. पण साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, ऑइल कव्हरच्या कडेला येतं. एक थेंब दिसला की मालक पाना घेऊन नट आवळतो. मध्ये जोर पडतो, कव्हर वाकतं, कडा उचलते. थेंबाची धार होते. मग तो आणखी आवळतो! सोसायटीच्या पार्किंगमध्ये बुलेटवाल्याची जागा डागावरून ओळखू यायची.

डोंबिवली एमआयडीसीत माझा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल, चार कामगार. सगळं जॉब वर्क, म्हणजे ड्रॉइंग त्यांचं, माल त्यांचा, घाम आमचा. 2008 च्या अखेरीस मंदी आली आणि ज्या कंपनीचं काम आम्ही वर्षानुवर्षं करत होतो तिनं एका फोनवर ते थांबवलं. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये एकेक कारखाना बंद होऊन तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिलेल्या आम्ही पाहिल्या होत्या. माझ्याकडे दोन महिन्यांच्या पगारापुरते पैसे होते. आमच्या टर्नरच्या मुलीची बारावी होती. तो काही बोलला नाही, पण रोज अर्धा तास लवकर यायला लागला.

त्याच दिवसांत कल्याणचा एक गॅरेजवाला पाच वाकलेली कव्हरं कडा सपाट करायला घेऊन आला. मिलिंगवर फेस मारून दिला. चार महिन्यांनी त्यातली तीन परत आली. म्हणजे दुखणं कडेला नव्हतंच, मध्ये होतं.

पहिला विचार कुणालाही सुचेल तो, कडेनं आठ स्क्रू द्यावेत. गॅरेजवाल्यानं तो हाणून पाडला. आतल्या अर्ध्या पेटीला भोकं कोण पाडणार, आणि घाटात आठ स्क्रू कोण शोधत बसणार? नट एकच ठेवायचा हे ठरलं. मग कव्हरच्या आतून, नटच्या बैठकीपासून कडेपर्यंत फासळ्या दिल्या, म्हणजे मधला जोर कडेला पोचेल. आणि बोल्टवर एक स्टीलची कॉलर बसवली. सील हवं तेवढं दबलं की कॉलर टेकते. पुढे कितीही आवळा, कव्हर वाकत नाही. प्रत्येक गाडीची आतली पेटी थोडी वेगळी भरते, म्हणून सोबत दोन पातळ शिम. सील साध्या रबराऐवजी नायट्राइलचं, ते ऑइलनं फुगत नाही. खरं डिझाइन एवढंच. बाकीचा वेळ कास्टिंगनं खाल्ला.

अॅल्युमिनियम थंड होताना मीटरला साधारण 13 मिलिमीटर आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करतात. तो हिशेब सोपा. पण जिथे फासळ्या एकत्र येतात तिथे धातू जाड होतो, उशिरा गोठतो आणि आत पोकळी धरतो. पहिल्या बारा नगांत आम्ही रॉकेल भरलं आणि बाहेरून खडूची भुकटी लावली. सकाळी पाच नगांवर ओले डाग. फाउंड्रीतल्या म्हाताऱ्या मोल्डरनं ते बघून सांगितलं, फासळ्या बारीक करा, कोपरे गोल करा, आणि नटच्या जागेवर मी रायझर ठेवतो, म्हणजे वितळलेला धातू शेवटपर्यंत तिथे उतरत राहील. पुढच्या बारांत एकही डाग नव्हता.

टेक्निकलला होतो त्यांना आठवत असेल, वर्कशॉपचे सर कानस मारलेल्या तुकड्यावर गुण्या ठेवून खिडकीकडे धरायचे आणि उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत. सर, माझ्याकडे आता सरफेस प्लेट आहे, निळी शाई आहे, फीलर गेज आहे. तरी आमचा टर्नर कव्हरच्या कडेवर पट्टी ठेवून आधी खिडकीकडेच वळतो. त्याला हे मी शिकवलं नाही, त्याच्या सरांनीही त्याला तसंच पिडलं असणार.

पहिली पन्नास कव्हरं कल्याणच्या गॅरेजवाल्यानंच खपवली. त्या वर्षी चौघांपैकी कुणाचाही पगार थकला नाही आणि टर्नरच्या मुलीनं डिप्लोमाला प्रवेश घेतला. हा धंदा मोठा झालेला नाही, होणारही नाही. नवीन बुलेटचं इंजिन-गिअरबॉक्स एकाच ब्लॉकमध्ये असतं, तिचं कव्हर कडेनं स्क्रूंवर बसतं. तिला माझी गरज नाही. दिल्लीच्या करोल बागेत आमच्यासारखंच दिसणारं कव्हर स्वस्तात मिळतं, फासळ्यांसकट. कॉलर मात्र नाही, कारण ती बाहेरून दिसत नाही. जॉब वर्कही परत सुरू झालंय. पण आता गाळ्यात एक ड्रॉइंग असं आहे ज्याच्या कोपऱ्यात आमचं नाव आहे, आणि ते थांबवणारा फोन कुणी करू शकत नाही.

बाहेर शाळेच्या गेटजवळ दोन जुन्या बुलेट उभ्या दिसल्या. कुणाच्या आहेत ते माहीत नाही. चहा झाला की वाकून त्यांच्या डाव्या बाजूची जमीन बघून येऊ. पाना माझ्या गाडीत आहे.